समुद्राकडील दार
मुंबई-पणजी जलमार्गावरील बंदरांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी इतिहास शिकविताना सनावळीआधी नकाशा फळ्यावर काढण्याचा परिपाठ ठेवला होता, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्या परिपाठाला अनुसरूनच आजचा विषय मी निवडला आहे. बेळगावसारख्या घाटमाथ्यावरील गावात समुद्राविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. तथापि या गावाचा समुद्राशी संबंध किती निकटचा होता, हे व्याख्यानाच्या उत्तरार्धात आपोआप स्पष्ट होईल.

अलीकडे सागरी पर्यटनाकडे लोकांचा ओढा वाढला आहे. 'क्रूझ' हा शब्द आता मध्यमवर्गीय घरांतही रुळला आहे. २०१८ साली मुंबई ते गोवा या मार्गावर 'आंग्रिया' नावाची प्रवासी नौका सुरू झाली. २०२० च्या साथीत ती बंद पडली. पुढे २०२१ पासून याहून मोठ्या पर्यटननौकाही मुंबईहून गोव्याकडे जाऊ लागल्या. 'आंग्रिया'चा प्रवास दुपारी उशिरा मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यास पोहोचण्याचा असे. म्हणजे खांदेरी-उंदेरी ओलांडताच संध्याकाळ होई, आणि चौल, जंजिरा, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही सारी बंदरे प्रवासी निद्रिस्त असताना अंधारात मागे पडत. आपल्या इतिहासातील आरमारी पर्वाची जवळजवळ सर्व स्थळे या एका रात्रीत सामावलेली आहेत, आणि नेमकी तीच न दिसता मागे जातात.

आज आपण हा प्रवास दिवसाउजेडी आणि प्रत्येक बंदरावर थांबत करणार आहोत. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. किनाऱ्यावरील या गावांचे पुढचे दार समुद्राकडे आहे. आपण महामार्गाने किंवा रेल्वेने तेथे जातो तेव्हा मागील दाराने आत शिरतो. घर मागील दाराने पाहिले तर माजघर, अंगण आणि ओसरी यांची जागा उलटी भासते. किनाऱ्याच्या इतिहासाचेही तसेच झाले आहे. तो आपण सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली पाहत लिहिला. समुद्रातून वर पाहत तो क्वचितच लिहिला गेला.

बंदर कोठे वसते?

कोकणपट्टीवरील बंदर वसण्यास तीन गोष्टी लागत. पहिली म्हणजे नदीचे किंवा खाडीचे मुख, जेथे गलबतास वादळवाऱ्यात आसरा मिळेल. दुसरी म्हणजे त्या खाडीच्या वरच्या टोकाशी पोहोचणारा सह्याद्रीचा घाट, ज्यातून देशावरचा माल बैलांच्या पाठीवर उतरेल. तिसरी म्हणजे मुखाशी एखादा डोंगर अथवा बेट, ज्यावर तोफा चढवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेता येईल. सातवाहनकाळातील नाणेघाट आणि कल्याण ही जोडी सर्वांस परिचित आहे. त्याच न्यायाने वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ, वर चिपळूण आणि त्याच्याही वर कुंभार्ली घाट. राजापूरच्या खाडीवर जैतापूर, वर राजापूर आणि मग अणस्कुरा घाट. वाघोटण खाडीच्या मुखावर विजयदुर्ग आणि आत खारेपाटण. आणि वेंगुर्ल्यामागे रामघाट, आंबोली आणि बेळगाव. नकाशावर या जोड्या एकाखाली एक मांडल्या की शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात.

चौथी गोष्ट मनुष्याच्या हाती नव्हती. ती म्हणजे वारा. नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला की हा सारा किनारा बंद होई. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करण्याची प्रथा म्हणजे एका अर्थी वर्षाचे व्यापारी खाते उघडण्याचाच मुहूर्त होता. उघाडीच्या दिवसांत रात्री-पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर गलबत बाहेर काढावयाचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनारा गाठावयाचा, ही येथील तांडेलांची नित्याची विद्या होती.

खांदेरी ते चौल

मुंबई सोडताच डाव्या हातास खांदेरी आणि उंदेरी ही दोन लहान बेटे दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घालण्यास प्रारंभ केला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. खांदेरी मराठ्यांच्या हाती म्हणजे मुंबईच्या दारात मराठ्यांची चौकी. इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी मिळून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांची उथळ बांधणीची लहान गलबते रात्रीच्या काळोखात निसटून रसद पोहोचवीत राहिली. मोठ्या जहाजांना तेथील खडकाळ, उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता येईना. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तटबंदी केली. हाकेच्या अंतरावरील दोन बेटे दोन सत्तांकडे, आणि तिसरी सत्ता समोरच्या बंदरात, हे दृश्य जमिनीवरून ध्यानात येत नाही. बोटीच्या कठड्याशी उभे राहिले म्हणजे ते एका दृष्टिक्षेपात कळते.

त्यापुढे अलिबागचा कुलाबा किल्ला लागतो. भरतीला पाण्याने वेढलेल्या आणि ओहोटीला पायी जाता येणाऱ्या या किल्ल्यावर कान्होजी आंग्र्यांचे ठाणे होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला होता. तो नसलेले जहाज पकडले जाई. कान्होजींनी त्याच समुद्रावर स्वतःचे दस्तक चालविले. युरोपीय कागदपत्रे त्यांना चाचा म्हणतात. परंतु परवाना देणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण पोर्तुगीजांच्या हातून घडले तर कायदा आणि कान्होजींच्या हातून घडले तर चाचेगिरी, हा भेद इतिहासकाराने निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. त्याचबरोबर, हे दस्तक सामान्य व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक भुर्दंड होते, हेही विसरता कामा नये.

कुंडलिका नदीच्या मुखाशी एका बाजूस रेवदंडा-चौल आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा डोंगर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या दक्षिणेस 'सेमिल्ला' नावाचे बंदर सांगितले आहे, ते चौलच असे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब लेखक अल्-मसूदी येथे आला, तेव्हा त्याने सुमारे १० हजार मुसलमानांची वस्ती नमूद केली. त्या वेळी राज्य हिंदू होते, हे लक्षात घेतले म्हणजे बंदराचा स्वभाव ध्यानात येतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौललाच उतरला. २००२ साली रेवदंड्यास त्याचे स्मारक उभारण्यात आले.

मार्च १५०८ मध्ये याच मुखाशी इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्या पुत्रशोकाची किंमत दुसऱ्याच एका गावाने मोजली. तेथे आपण लवकरच पोहोचू. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने येथे गढी बांधली आणि १५९४ साली समोरचा कोर्लईचा डोंगरही जिंकला. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर, १७४० मध्ये, ही सारी ठाणी मराठ्यांकडे आली. राज्य गेले, परंतु कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजतागायत टिकून आहे. तटाच्या भिंतींहून बोलीचे आयुष्य अधिक ठरले.

जंजिरा, हर्णै, दाभोळ

मुरूडजवळचा जंजिरा मराठ्यांस कधीच घेता आला नाही. त्याचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. या किल्ल्याचे महाद्वार बेटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत तटाच्या बुरुजांत दिसत नाही. समोरच्या कांसा बेटावरील पद्मदुर्ग हा शिवकालीन प्रत्युत्तर म्हणून उभा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा तीनशे वर्षांहून अधिक काळचा अधिकार किनाऱ्याच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण होय.

हर्णैजवळील सुवर्णदुर्ग हे आंग्र्यांचे मोठे ठाणे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रज आरमारी अधिकारी विल्यम जेम्स याने पेशव्यांशी झालेल्या करारानुसार ते काबीज केले. मराठ्यांचे एक आरमार मराठ्यांच्याच संमतीने परक्याच्या तोफांनी बुडविण्याचा हा प्रारंभ. तो पुढे विजयदुर्गास पूर्ण झाला.

दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातील महत्त्वाचे बंदर होते. घोडे येथे उतरत आणि हजयात्रेची जहाजे येथून निघत. चौलला मारल्या गेलेल्या लोरेन्सोचा पिता, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळवर चालून आला आणि त्याने हे भरभराटीचे नगर जाळून उद्ध्वस्त केले. स्त्रिया, मुले, कोणासही सोडले नाही. तेथून तो दीवला गेला आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये तेथील लढाईत त्याने अरबी समुद्रावरील पोर्तुगीज वर्चस्व प्रस्थापित केले. चौल, दाभोळ, दीव ही तीन बंदरे एका वर्षाच्या आत एका सूत्रात गुंफली गेली. जमिनीवरील नकाशात ती तीन वेगवेगळ्या राज्यांत आहेत. समुद्राच्या नकाशात ती शेजारी आहेत. दाभोळला आज खाडीकाठी सतराव्या शतकातील एक देखणी मशीद उभी आहे. तिच्या घुमटाकडे पाहताना गावाच्या पूर्वीच्या व्यापाची कल्पना येते.

रत्नागिरी, राजापूर, विजयदुर्ग

शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड ओलांडून आपण रत्नागिरीस येतो. लोकमान्य टिळकांचे हे जन्मस्थान. या गावाच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र ब्रह्मदेशातून आले. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहण्यास गेला आणि १९१६ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तला. त्यासाठी रत्नागिरीच का निवडली असावी? गावास रेल्वे नव्हती, मागे सह्याद्री होता, आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्रही बंद. ज्या समुद्राने इतर बंदरांना जगाशी जोडले, त्याच समुद्राचा येथे कारागृहाच्या भिंतीसारखा उपयोग झाला.

राजापूर खाडीत बरेच आत आहे. समुद्रावरून ते दिसत नाही, पण त्याला वगळून हा इतिहास पुरा होणार नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफांची मदत केली. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा वखारवाल्यांना कैद भोगावी लागली, ती या आगळिकीबद्दल. एके काळी समुद्रगामी जहाजे थेट राजापूरपर्यंत येत. पुढे खाडी गाळाने भरत गेली. डोंगरउतारावरील जंगल तुटले की पावसाबरोबर माती खाली येते. ती प्रथम शेत झाकते, मग खाडी. राजापूरचा पराभव कोणत्याही सेनापतीने केला नाही. तो गाळाने केला.

विजयदुर्ग, म्हणजेच युरोपीयांचा घेरिया, वाघोटण खाडीच्या मुखाशी आहे. तिहेरी तटबंदी, तीन बाजूंनी पाणी, आणि मागे खोल आणि सुरक्षित खाडी. खाडीच्या काठी गिर्ये येथे खडकात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही पाहावयास मिळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह हे समुद्रातून आणि पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून चालून आले. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. नानासाहेब पेशव्यांना एका बंडखोर सरदाराचा बंदोबस्त झाल्याचे समाधान मिळाले. परंतु हेच वॉटसन आणि क्लाइव्ह येथून पुढे गेले आणि जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले. जूनमध्ये प्लासी घडली. विजयदुर्ग करारानुसार पेशव्यांकडे आला आणि पुढे धुळपांनी तेथून पराक्रमही केले. तथापि किनाऱ्यावर इंग्रजांना स्वबळावर अडवू शकेल अशी शक्ती पुन्हा उभी राहिली नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. जहाजांसाठी लाकूड हवे तर रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असाही उपदेश त्यात आहे. ते लिहिले गेल्यावर अर्ध्या शतकाच्या आतच विजयदुर्ग घडले. शहाणपण लेखी होते. ते कृतीत राहिले नाही.

मालवण आणि वेंगुर्ले

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरत लुटली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एका बंदरातील संपत्ती दुसऱ्या बंदराच्या तटबंदीत कशी उतरली असेल, याचा अंदाज येतो. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी आहेत. काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज मालवणहून आरमारासह कर्नाटकातील बसरूरपर्यंत गेले आणि परतताना गोकर्णास उतरले. महाराजांनी स्वतः केलेला दूरचा सागरी प्रवास म्हणून इतिहासात याचीच नोंद आहे. सह्याद्रीच्या प्रत्येक वाटेवर त्यांच्या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या जातात. या जलप्रवासाचा उल्लेख मात्र शालेय पुस्तकांत ओझरताच येतो.

आता आपण आपल्या बंदराशी आलो. 'आपले' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते. १६३७ च्या सुमारास डचांनी येथे वखार घातली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना धान्य, पाणी आणि बातम्या येथून मिळत. त्या वखारीची भग्न इमारत आजही उभी आहे. १८१२ मध्ये वेंगुर्ले सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेले. १८१८ नंतर बेळगावात इंग्रजांची छावणी बसली आणि तिची रसद वेंगुर्ल्यास उतरून रामघाटाने वर येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा गाडीरस्ता झाला. देशावरचा कापूस खाली आणि समुद्रावरचा माल वर, असा हा राबता होता. १८८० च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वे बेळगावास आली आणि मार्मागोव्याची लोहमार्गाची वाट तिला जोडली गेली. बैलगाड्यांचा माल रेल्वेच्या डब्यात चढला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीस लागला. ज्या घटनेने बेळगाव वाढले, तिनेच बेळगावचे बंदर ओस पाडले. स्थानिक इतिहास लिहिताना आपण पहिली बाजू अभिमानाने सांगतो, दुसरी सांगत नाही.

मांडवीच्या मुखाशी

तेरेखोल मागे टाकून आपण आग्वादच्या भूशिराशी येतो. १६१२ मध्ये बांधलेल्या या किल्ल्याचे नावच पाण्यावरून पडले. लिस्बनहून महिनोन्महिने प्रवास करून आलेली जहाजे येथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. डावीकडे रेइश मागुश, उजवीकडे पणजीचा आदिलशाही राजवाडा, आणि नदीने वर गेले की जुने गोवे. तेथील व्हाइसरॉयची कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली गेली. ती उभारणारा गव्हर्नर हा वास्को द गामाचा पणतू होता. आजचा पर्यटक मोटारीतून उतरून भव्य चर्च पाहतो आणि कमान जाता-जाता पाहतो. वस्तुतः तीच नगराची वेस होती. नवा व्हाइसरॉय नदीकाठी उतरून तिच्याखालून प्रवेश करी. १५१० मध्ये आल्बुकेर्कने जिंकलेले हे नगर पुढे साथीचे रोग आणि घटता व्यापार यांनी खंगले. व्हाइसरॉयांचे वास्तव्य १७५९ मध्ये पणजीस हलले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एका नगराचा उदय आणि अस्त नदीच्या काही मैलांत पाहावयास मिळतो.

आगबोटीचे दिवस

येथवर आपण राज्यकर्त्यांचा प्रवास पाहिला. परंतु या जलमार्गावरून सर्वाधिक संख्येने गेला तो सामान्य मनुष्य, आणि तो आगबोटीने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई ते गोवा या मार्गावर आगबोटी धावू लागल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही स्थानकांची माळ कोकणातील मुलांना तोंडपाठ असे. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि शेळ्याही तिच्या बाजूस लागत. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावातून शिडीवर पाय टाकण्याचा तो क्षण जुन्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कामगारवर्ग मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने गेला. त्याने पाठविलेल्या मनीऑर्डरीवर अनेक गावांची चूल पेटत होती. पावसाळ्यात बोट बंद झाली की सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील मंडळी आंबोली घाट चढून बेळगावात येत आणि येथून रेल्वे धरीत. आपल्यापैकी काहींच्या घरी अशा प्रवाशांना भाकरी वाढली गेली असेल.

या प्रवासाचे गुणगान करताना त्याची किंमत झाकता येणार नाही. डेकवरची गर्दी, उलट्या, उघड्यावर काढलेली रात्र हे नित्याचे होते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास एक महिना उरला असताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट तुफानात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. भर पावसाळ्यात, सणासाठी घरी निघालेली ही साधी माणसे होती. कोकणातील कित्येक घरांत आषाढी अमावास्या त्यानंतर सणाचा दिवस म्हणून उरली नाही. फाळणीच्या आणि स्वातंत्र्याच्या बातम्यांखाली ही दुर्घटना देशाच्या स्मृतीतून लवकरच झाकली गेली.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढे काही वर्षे प्रवासी बोटी चालूही राहिल्या. परंतु रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली, आणि बोटींचे दिवस सरले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. तिने कोकणी माणसाचे कष्ट केवढे कमी केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. रेल्वे आणि महामार्ग हे दोन्ही किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या पायथ्याने जातात. हर्णै, दाभोळ, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले यांपैकी एकाही गावी रेल्वे स्थानक नाही. कणकवली आणि कुडाळ वाढली. बंदरे रस्त्याची शेवटची टोके झाली. पूर्वी मालवणचा शेजारी विजयदुर्ग होता. आता विजयदुर्गास जावयाचे तर आधी महामार्गास यावे लागते आणि मग पुन्हा समुद्राकडे वळावे लागते. दोन हजार वर्षे जे शेजारी होते, ते एका पिढीत परके झाले.

आपले कर्तव्य

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत, याचा आपणां सर्वांस आनंद आहे. मात्र किल्ला हा बंदराचा पहारेकरी होता. पहारेकऱ्याचा सन्मान करताना ज्याच्यासाठी तो उभा होता त्या घराकडे दुर्लक्ष होऊ नये. जुन्या वखारी, जकातीच्या चौक्या, गोद्या, पडाववाल्यांचे मोहल्ले, गाळाने भरलेल्या खाड्या यांची नोंद कोणी ठेवावयाची? पर्यटननौका पुन्हा या किनाऱ्यावर येऊ लागल्या आहेत, ही सुसंधी आहे. परंतु ती नौका रात्री येथून नुसतीच निघून गेली, तर प्रवाशाला समुद्र दिसेल, किनारा दिसणार नाही. लहान बंदरांवर ती थांबली, उतरलेल्या प्रवाशास वखारीची भिंत आणि खाडीची वाट दाखविणारा गावातलाच माणूस भेटला, तर पर्यटन आणि इतिहास या दोघांचेही भले होईल.

हे मोठ्यांचे काम झाले. शाळेने करण्याजोगे एक काम मी सुचवितो, आणि ते तातडीचे आहे. पडावातून बोटीवर चढलेली, पावसाळ्यात आंबोली चढून बेळगावास आलेली, 'रामदास'ची बातमी घरात ऐकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांपैकी काही या सभागृहातही बसली आहेत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जाऊन तारखा, बंदरांची नावे, भाड्याचे पैसे, बरोबर नेलेली शिदोरी, भीती आणि आनंद हे सारे लिहून घ्यावे. वर्षातून एकदा सहल न्यावी ती आंबोलीमार्गे वेंगुर्ल्यास, आणि तेथे डच वखार व बंदर पाहून एखाद्या होडीतून थोडे समुद्रात जावे. तेथून गावाकडे वळून पाहिले म्हणजे मी आज तासभर जे सांगितले ते मुलांना पाच मिनिटांत कळेल. पुढील वर्षीच्या स्मृतिपुस्तिकेत या नोंदींसाठी काही पाने राखून ठेवावीत, अशी संस्थेस विनंती आहे. फळ्यावर प्रथम नकाशा काढणाऱ्या गुरुजींचे ते उचित स्मरण ठरेल.